राहिलीच्या आधीचा शब्द

सेक्टर ६, भिलाई
१२ नोव्हेंबर १९८८

ती. नरहरीकाकांस,
वसुंधराचा साष्टांग नमस्कार.

माझी मराठी घरचीच, शाळा सारी हिंदीत झाली. म्हणून बोलते तसंच लिहून राहिली. चुका दिसल्या तर दोस्ताची पोट्टी म्हणून पोटात घाला.

तुम्ही रिटायर होऊन लाखनीले गेले तेव्हापासून बाबा तुम्हाले दर महिन्याले कार्ड टाकत होते. आता दोन महिने कार्ड नाही म्हणून तुम्ही रागावले असाल. बाबा लिहू शकत नाहीत, काका. पोळ्याच्या चार दिवस आधी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, अन् बोलणं गेलं. सेक्टर नऊच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की ऐकलेलं बरंचसं समजते त्यांना, पण शब्द बाहेर यायची वाट बंद झाली. मी पंधरा दिवसांची सुट्टी टाकून बंगलोरवरून आली होती. दोन महिने झाले, इथंच आहे.

एकच शब्द वाचला त्यांचा. ‘राहिली.’ पाणी पाहिजे तरी राहिली, कूस बदलायची तरी राहिली. स्वच्छ म्हणतात, एकदम पूर्वीच्या आवाजात.

आता खरी गोष्ट सांगते. बाबांची दोन वर्षं नोकरी बाकी आहे. मेडिकल बोर्डानं अनफिट केलं तर त्यांच्या जागी घरच्या एका माणसाले स्टील प्लांटमधे घेतात, अन् क्वार्टर सुटत नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली. नोकरी करण्याजोगं घरचं माणूस म्हणजे मी एकटीच. आत्याबाईले, म्हणजे तुमच्या सिंधुताईले, तर या क्वार्टरशिवाय दुसरं छप्परच नाही. मागच्या स्ट्रीटवरचे शामराव कार्मिक विभागात आहेत, भला माणूस, स्वतः फॉर्म घेऊन आले. बाबांच्या खाटेजवळ बसून त्यांनी विचारलं, “देवरावजी, वसुंधराचं नाव टाकू ना?” बाबा माझ्याकडे पाहत म्हणाले, “राहिली.” आत्याबाईनं टाळीच वाजवली. “पाहा! बापानं सांगितलं. पोरगी राहिली! आता कुठं जात नाही.” शामरावांनी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. फक्त माझी सही बाकी आहे, सोळा जानेवारीपर्यंत.

काका, इन्स्ट्रुमेंट शॉपमधे तुम्ही बाबांसोबत बावीस वर्षं काढली. तुम्ही सांगा, बाबांच्या मनात खरंच हेच आहे का? तुम्ही म्हणाल ते मी करीन. मले दुसरं कोणी विचारायले नाही.

तुमची,
वसुंधरा


मु. पो. लाखनी, जि. भंडारा
२४ नोव्हेंबर १९८८

चि. वसुंधरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. देवरावले लकवा! अन् मले आज समजून राहिलं! दोन पिशव्या सामान एका हातानं सायकलवर लादणारा माणूस तो. देवाले काही काम नाही का बापा?

तू विचारलं म्हणून सरळ सांगतो, मी गोडगोड बोलणारा नाही. बापाचा एकच शब्द वाचला आहे अन् त्या शब्दात तो तुले राहा म्हणते, तर पोरी, राहा. त्याले तुझ्याशिवाय कोण आहे? सिंधुताई झाली म्हातारी, तिच्यानं तो उचलला जाईल का? नोकरी काय वाईट आहे? पंख्याखाली बसून फायली पाहाच्या. तुझ्या वयाच्या पोट्ट्या त्याच्यासाठी नवस करतात.

अन् तिकडे तू करत काय होती ते तरी सांग मले. देवराव शॉपमधे सांगे, “आमची वसू काळ्या ढगात तारे शोधते.” आम्ही म्हणावं, “ढग असले तर तारे दिसतात का रे बावा? तुझी पोट्टी पगार कशाचा घेते?” तो चिडे अन् चहा सोडून निघून जाए.

मी यायले पाहतो. पण गुडघे त्रास देऊन राहिले, एस.टी.चे धक्के सहन होत नाहीत. देवरावले माझा नमस्कार सांग.

नरहरीकाका


सेक्टर ६, भिलाई
८ डिसेंबर १९८८

ती. काकांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी रडली, मग रागावली, अन् मग आठ दिवस लिहिलंच नाही. आता राग थोडा बसला आहे, सारा नाही.

पंख्याखालच्या फायलींचं म्हणता. काका, मी कुठं राहून राहिली ते पाहा एकदा येऊन. प्लांटच्या पहिल्या भोंग्याले उठते. बाबांचं सारं करते, त्यांना कुशीवर करते, पाठीले पावडर लावते, मऊ भात भरवते. मग कपडे. वाळत घातलेल्या चादरीवर संध्याकाळपर्यंत लाल धूळ बसते, ती झटकते. मग परत भात. आत्याबाई दर तासाले विचारते, “सही केली का?” शेजारच्या बाया येतात, बाबांकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात, अन् म्हणतात, “बरं झालं, राहिली.” हा शब्द साऱ्या स्ट्रीटवर पसरला आहे. घराबाहेर पडायचं म्हटलं तर बाजार अन् दवाखाना, तेही सायकलवर धावतपळत. बापाची सेवा करते अन् बापावरच मनातून चिडते, मग स्वतःचीच लाज वाटते. तुम्हालेच सांगते हे, दुसऱ्या कोणाले सांगता येत नाही.

आता तुमच्या ढगांचं. हे पावसाचे ढग नाहीत, काका. ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ अन् वायू जमा होतात, त्याचे इतके मोठे ढग की उजेडाले एका टोकावरून दुसऱ्या टोकाले जायला वर्षं लागतात. मागचा उजेड त्यातून येत नाही. फोटोत तिथं नुसतं काळं दिसते. आधीच्या लोकांना वाटे की आभाळाले भोक पडलं आहे. पण त्याच काळ्यात नवे तारे जन्मतात. त्यांचा उजेड धुळीत अडकतो, धूळ तापते, अन् ती धूळ जी उष्णता सोडते तिले इन्फ्रारेड म्हणतात. ते डोळ्याले दिसत नाही, पण ढगाबाहेर निघते. पाच वर्षांमागं बाहेरच्या देशांनी एक उपग्रह सोडला होता, नुसता ताप पाहणारा. त्याच्या यादीत वृषभ राशीतल्या एका काळ्या ढगात एक ठिपका आहे. फोटोत पाहाल तर तिथं काहीच नाही. पण तो गरम आहे. तो माझा ठिपका आहे, काका. त्याच्यावर माझं तीन वर्षांचं काम आहे.

तो खरंच जन्मत असलेला तारा आहे का, हे पाहायचं तर आजूबाजूचा वायू हलून राहिला का ते पाहावं लागते. ते रेडिओनं समजते. अन् कोणत्या वायूवरून समजते माहीत आहे? कार्बन मोनॉक्साइड! ज्या गॅसले तुम्ही लोक ब्लास्ट फर्नेसजवळ भीत होते तीच. ती तिथं थंडगार पसरली असते अन् बारीक रेडिओ लहरी सोडते. बंगलोरच्या आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या थाळीत त्या येतात. पण त्या इतक्या क्षीण की आमच्या यंत्राचा स्वतःचाच आवाज त्यांच्या हजारपट. म्हणून आधी थाळी ढगाकडे करायची अन् मोजायचं. मग बाजूच्या रिकाम्या आभाळाकडे करायची अन् मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा करायचं. यंत्राचा आवाज दोन्हीकडे सारखा, तो कटून जाते. उरते ते ढगाचं. असं हजारदा करायचं अन् बेरीज करत बसायची. त्याले दिवस-रात्र काही लागत नाही, फक्त कोरडी हवा लागते, म्हणून हे काम थंडीतच होते.

माझी तिथली मैत्रीण कमला, तिचं पत्र आलं. फेब्रुवारीचे दहा दिवस थाळी माझ्या नावावर आहे. पाच तारखेपर्यंत मी पोचली नाही तर तो वेळ दुसऱ्याले जाईल. तिनं हळूच लिहिलं आहे, पण अर्थ हाच की माझा ठिपकाही जाईल.

हे तुम्हाले कावून सांगून राहिली, मलेच माहीत नाही. तुम्ही तर राहा म्हणून मोकळे झाले.

वसुंधरा


लाखनी
१९ डिसेंबर १९८८

चि. वसुंधरा,

अवं, लयच तिखट आहे तू! देवरावनं असं तिखट बोलणं जन्मात केलं नाही, हे तुझ्या मायचं आहे. पण पत्र मी चारदा वाचलं. लेकाच्या पोराले वाचून दाखवलं, त्याले काही समजलं नाही, मले समजलं.

आता आईक. आमच्या शॉपचं काम काय होतं? पायरोमीटर. दुरून ताप मोजाचं यंत्र. धूर असो, वाफ असो, भट्टीच्या तोंडात काय चाललं ते आम्ही उभं राहून सांगत होतो. अन् मिलमधे नवा माणूस आला की देवराव त्याले पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवे. लाल लोखंडाले कोणी हात लावत नाही. हात भाजते तो काळ्या लोखंडानं. काळं पडलं की माणसाले वाटते थंड झालं, अन् त्याच्यात चारशे डिग्री असते! देवराव पायरोमीटर लावून दाखवे, “हे पाहा, विझलं नाही, फक्त दिसून नाही राहिलं.” तुझा ठिपका म्हणजे हेच झालं ना? मग त्यावेळी आम्ही त्याले हसलो ते चुकलंच आमचं.

आता इतकी शहाणी पोट्टी, हजार वेळा वजाबाकी करणारी, अन् बापाचा एक शब्द एकदा ऐकून रडत बसली! कर ना तुझं ते यंत्र बापावर. कोण समोर असलं की तो राहिली म्हणते, कसा म्हणते, सारं लिहून ठेव. तुझ्यासाठी म्हणते तेच सिंधुताईले म्हणते का? दूधवाल्याले म्हणते का? मोज अन् मग मले सांग.

माझं मत अजून तेच आहे, राहा. पण मोज.

नरहरीकाका


सेक्टर ६, भिलाई
५ जानेवारी १९८९

ती. काकांस,

मोजलं. तुमच्या शॉपचं एक जुनं लॉगबुक बाबांच्या पेटीत होतं, त्याच्या कोऱ्या पानांवर अकरा दिवस लिहून राहिली होती. समोर कोण, काय चाललं होतं, किती वेळा.

अकरा दिवसांत ‘राहिली’ दोनशे चौदा वेळा. आत्याबाई दाळ घेऊन आली, राहिली. दूधवाला तेजराम आला, राहिली. शामराव आले, त्यांनाही राहिली, राहिला सुद्धा नाही! खिडकीत कावळा बसला, राहिली. रेडिओवर बातम्या लागल्या, राहिली. चढउतार नाही, राग नाही, काही नाही. मी वजाबाकी करून पाहिली, काका. ढगाकडेही तेच अन् रिकाम्या आभाळाकडेही तेच. म्हणजे उरलं शून्य.

माझ्यावेळी थोडा फरक आहे, पण तो उलटाच. माझ्यासमोर ते आधी थांबतात. तोंड उघडतात, जबडा हलते, चार-पाच सेकंद काहीच निघत नाही, अन् मग राहिली. दिवसभर मीच त्यांच्या मागं असते, माझाच कंटाळा येत असेल.

तुम्हाले सांगू? बाबांनी मले राहा म्हटलं, या एका आधारावर मी चार महिने इथं काढून राहिली. राग होता, पण बापाचा शब्द होता. आता तोही नाही. मले कोणीच थांबवलं नाही अन् तरी मी अडकली आहे. कोणावर चिडावं, कोणाले सोड म्हणावं? नुसता आवाज आहे तो, यंत्राचा.

पत्र लिहून राहिली अन् आत्याबाई दारात उभी राहून पाहून राहिली. तिनं काल मले धरून रडून विचारलं, “तू गेली तर मी या वयात कोणाच्या ओसरीवर पडू?” ती वाईट नाही हो. तिलेही दुसरी जागा नाही. सोमवारी, सोळा तारखेले, शामराव फॉर्म न्यायले येतील. मी सही करते, काका. कमलाले तसं कळवून टाकीन. तुम्ही म्हणत होते तेच झालं, आता तरी एकदा येऊन बाबांना भेटा.

वसुंधरा


(तार)
लाखनी, ९ जानेवारी

दस्तख़त मत करना. चिट्ठी आ रही है. नरहरी.


लाखनी
१० जानेवारी १९८९

वसू,

काल तार केली. पोस्टमास्तर विचारून राहिला होता, कोण गेलं? मी म्हणलं, कोणी नाही गेलं, जावं म्हणून तार करून राहिलो. तो पाहतच राहिला.

आधी माझं पाप सांगतो, मग पुढचं. देवरावले लकवा मारला हे मले पोळ्यालेच समजलं होतं. शामरावनं निरोप धाडला होता. तुझ्या पत्रानं समजलं असं मी लिहिलं ते खोटं. गुडघेही खोटे, रोज तळ्यापर्यंत फिरून येतो. मले भेव वाटलं, पोरी. बावीस वर्षं ज्याच्याशी वटवट केली त्याच्यासमोर बसाचं अन् तो मुका, हे माह्यानं होईना. मग मी विचार केला, पोट्टी राहिली तर देवरावची सोय झाली, मले कोणी नाव ठेवणार नाही. म्हणून तुले राहा म्हणलं. बापाच्या शब्दाचं नाव केलं अन् स्वतःची सुटका पाहिली. थू माह्या जिंदगीवर.

आता आईक, अन् कान देऊन आईक. तुझं पाच तारखेचं पत्र लाल पेन्सिल घेऊन वाचलं. तूच लिहिलं आहे, ‘काढून राहिली’, ‘लिहून राहिली’, ‘पाहून राहिली’. याच्यात कोणी मुक्काम केला का? पुण्या-मुंबईचा माणूस असता तर म्हणला असता, ही बाई लिहून तिथंच राहिली. आपल्या बोलीत ‘राहिली’ म्हणजे काहीच नाही, शेपूट आहे ती! जेवून राहिली म्हणजे जेवते आहे, झोपून राहिली, भांडून राहिली, सारं तसंच. काम आधीच्या शब्दात असते. देवरावचं शेपूट तेवढं वाचलं अन् तोंड धुळीत अडकलं. अन् आपण सारे, या बोलीत जन्मलेले, शेपटीलेच शब्द समजून बसलो. तू, सिंधुताई अन् शामराव, तिघंही रोज तेच बोलता, अन् एकाच्याही ध्यानात आलं नाही!

तू आवाज मोजला, पण त्याच्या आधीची रिकामी जागा मोजली नाही. दुसऱ्यांसमोर तो थांबत नाही, तुझ्यासमोर थांबते. मग वजाबाकी केल्यावर काय उरलं? ते चार-पाच सेकंद उरले! त्याच्यात शब्द आहे, वसू. तो शोधून राहिला अन् त्याले सापडून नाही राहिला. कंटाळा आला म्हणे! स्वतःच्या ठिपक्याले कंटाळा म्हणशील का?

तो शब्द कोणता ते मले माहीत आहे असं वाटते. तुझं बंगलोरचं पक्कं झालं तेव्हा देवराव महिनाभर शॉपमधे दिसेल त्याले सांगत होता, “पोट्टी बंगलोरले जाऊन राहिली.” क्रेनवाल्याले सांगितलं, कँटीनवाल्याले सांगितलं. तू जाऊन दोन महिने झाले तरी तेच! आम्ही चिडवावं, “काय रे देवराव, अजून जाऊनच राहिली का? पोचली नाही का गाडी? म्हण ना आता, गेली.” तर तो म्हणे, “गेली म्हणलं की घर खाली झाल्यासारखं वाटते रे. जाऊन राहिली म्हणलं की अजून दारातच दिसते.” हे तुले सांगाचं नाही अशी त्याची मले ताकीद होती.

पण माझ्या शब्दावर जाऊ नोको, मी एकदा खोटं बोललो आहे. तू स्वतः पाहा. एकेक शब्द त्याच्यासमोर ठेव, अन् कुठं काय होते ते पाहा.

अन् सिंधुताईले सांग, ओसरीवर पडाचं काम नाही. भिलाईतलं माझं हुडको कॉलनीतलं घर संक्रांतीले रिकामं होऊन राहिलं. भाडेकरू ठेवत नाही आता. दोन खोल्या देवराव अन् तिच्या, एक माझी. इथं लेकाच्या घरी भाकर मिळते पण बोलाले कोणी नाही. मुक्या देवरावशी बोलीन मी. ऐकणारा तर तो पहिल्यापासूनच होता.

नरहरी


सेक्टर ६, भिलाई
१७ जानेवारी १९८९

ती. काकांस,

तार आली तेव्हा आत्याबाईनं ऊर बडवायले सुरुवात केली, वाचायच्या आधीच. लाखनीचं कोणीतरी गेलं म्हणून तुमच्या नावानं दोन मिनिटं रडली. हे आधी सांगून टाकते.

चिठ्ठी संक्रांतीले मिळाली. तुमच्यावर चिडायले वेळच झाला नाही, नंतर चिडीन. रविवारी दुपारी आत्याबाई पोपटाच्या शेंगा सोलत बसली होती. मी बाबांना उशीले टेकवून बसवलं अन् खाटेवर समोर बसली. फॉर्म माझ्या बाजूलेच होता. मी म्हटलं, “बाबा, मी शब्द सांगते.”

“जेवून?” लगेच, “राहिली.” अगदी सपाट. “झोपून?” राहिली. “लिहून? रडून? थकून?” राहिली, राहिली, राहिली. आत्याबाई म्हणाली, “अवं, कावून छळून राहिली त्याले?” मी मुद्दामच ‘जाऊन’ मागं ठेवला होता. भीती वाटून राहिली होती. त्याच्यावरही सपाट आलं तर मग काहीच उरणार नव्हतं. तीस-पस्तीस शब्द झाले. धुऊन, शिवून, दळून, सारे. मग मी म्हटलं, “जाऊन?”

बाबा बोलले नाहीत.

मी मोजत होती, सवयीनं. एक, दोन, तीन. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. इतकं जोरात की बांगडी रुतली. जबडा खाली गेला, अन् काका, नुसता वारा आला, “जा...” अर्धाच. मग “राहिली!” अन् हसले. अर्धं तोंड हसलं, दोन्ही डोळ्यांतून पाणी. परत म्हटलं, परत तेच. मग मी वजा करून पाहिलं. “सिंधुआत्या जाऊन?” राहिली, सपाट. “वसू जाऊन?” परत मनगट, परत वारा. अकरा वेळा केलं मी ते. आत्याबाईच्या मांडीवरच्या शेंगा साऱ्या घरभर झाल्या.

पण मले एक शंका राहिली, अन् मी विचारलंच. “बाबा, मी जाऊन राहिली म्हणून दुःख आहे का? नको जाऊ म्हणता का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं लहानपणी पाढा चुकला की पाहत होते. मग डाव्या हातानं फॉर्म ओढला, मांडीखाली सारला, अन् त्याच्यावर बसले. सोमवारी शामराव आले तरी फॉर्म सोडला नाही. शामराव म्हणाले, “देवरावजी, कागद द्या.” बाबा म्हणाले, “राहिली.” सपाट! शामराव हसत हसत चहा पिऊन गेले. म्हणाले, दुसरा फॉर्म आणायले मले वेळ नाही.

हुडकोचं ऐकून आत्याबाईनं आधी बोटांवर खोल्या मोजल्या. मग विचारलं, “त्या घरात नळ केव्हा येते?” म्हणजे तयार आहे.

मी दोन फेब्रुवारीले निघते. काका, मले जायचं आहे, अन् आता जायची वेळ आली तर पाय उचलून नाही राहिला. चार महिने दार बंद आहे म्हणून चिडली, अन् दार उघडं होतं. तुम्ही लवकर या.

वसुंधरा


हुडको, भिलाई
१२ फेब्रुवारी १९८९

चि. वसूस अनेक आशीर्वाद.

तू पोचली हे कार्डावरून समजलं. थाळी ढगाकडे लागली, हवा कोरडी आहे, हे चांगलं झालं. पण कार्डावर इतकं बारीक लिहू नोको, मले चष्मा बदलावा लागेल.

सामान सारं आलं. देवरावची खाट खिडकीजवळ लावली. संध्याकाळी प्लांटमधे भट्टीचा तापलेला मळ, स्लॅग, ओतला की इथूनही आभाळ लाल दिसते, तो पाहत बसते. मी त्याच्या कानाशी दिवसभर वटवट करून राहिलो. सिंधुताई म्हणते, एक मुका अन् एक बडबड्या, माझ्याच नशिबी दोघं आले. भात मी भरवतो. पहिल्या दिवशी अर्धा त्याच्या सदऱ्यावर सांडला, आता नाही सांडत.

एक गोष्ट त्या दिवशीची तुले सांगाची राहून गेली. कार्डावर लिहाची नव्हती, म्हणून पाकीट आणलं.

दुर्ग स्टेशनवर तुले गाडीत बसवून मी क्वार्टरवर परत आलो. तेव्हा सामान हलवलं नव्हतं. देवराव उशीले टेकून दाराकडे पाहत होता. मी सायकल भिंतीले लावली, आत आलो, अन् त्याच्याजवळ बसलो. तुझ्यासारखं करावं म्हणून मी त्याले शब्द द्यायले गेलो. म्हणलं, “देवराव, वसू? जाऊन...?”

तो राहिली म्हणला नाही. मी थांबलो. तू सांगितलं होतं तसं मोजलं, पाच झाले, दहा झाले. मले वाटलं, गेलं बापा, होता तो शब्दही गेला. सिंधुताई मोरीतून हात पुसत आली. तो दाराकडेच पाहत होता. जबडा हलला.

“गेली,” म्हणला.

स्वच्छ. पाच महिन्यांतला पहिला नवा शब्द. सिंधुताई ओरडली, “अरे, असं अशुभ बोलू नये पोरीबद्दल!” मी म्हणलं, “बाई, बोलू दे त्याले. आज तो शब्द बरोबर आहे.”

नरहरीकाका